बाप दाखव, नाहीतर कलम दाखव

नुकतेच बाप झालात? अभिनंदन. आता रात्री-अपरात्री उठून बाळाला जोजवत बसू नका, ते घरात कोणीतरी करेलच. तुम्ही कायदा वाचा. हक्क आधी, मूल मागाहून.

हिंदू असाल तर १९५६ चा अज्ञान व पालकत्व कायदा उघडा आणि कलम ६ लाल पेनाने अधोरेखित करा. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचे नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. काहीही न करता पहिला नंबर! शाळेत तरी कधी आला होता का? त्याच कलमात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असावा, असंही म्हटलंय. खट्टू होऊ नका. पालकत्व तुमचं, जागरणं तिची. इतकी सोयीची वाटणी भावाभावांतही होत नाही.

१९९९ साली मात्र लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात माशी शिंकली. बाप हयात आहे, पण मुलाकडे ढुंकून बघत नाही, तर आईच नैसर्गिक पालक, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. नुसतं हयात असणं पुरेसं नाही म्हणजे काय? आपल्या वाडवडिलांनी तेवढ्यावरच तर भागवलं.

रजेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. गाडीचं सर्व्हिसिंग, बँकेची कामं आणि एखादी कसोटी मालिका त्यात आरामात बसते. स्वीडनने १९७४ सालीच ही रजा आईबाप दोघांसाठी खुली केली. आज तिथल्या ४८० दिवसांपैकी ९० दिवस बापाचे राखीव असतात, आणि त्याने ते घेतले नाहीत तर फुकट जातात. असले लेख ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. चुकून मंजूर झालं तर घरी बसावं लागेल.

पितृत्वाची खरी उबळ यावी ती घटस्फोटाच्या नोटिशीनंतर. ताब्याच्या अर्जात ठणकावून लिहा, 'मुलाच्या सर्वांगीण विकासासाठी वडिलांचा सहवास अत्यावश्यक आहे.' उलटतपासणीत समोरच्या वकीलबाई खवचटपणे विचारतील, मुलगी कोणत्या तुकडीत आहे? तिला कशाची ॲलर्जी आहे? झोपताना काय लागतं? घाम पुसू नका, कोर्ट बघत असतं. शांतपणे फीच्या पावत्यांची फाईल पुढे सरकवा. तुकडी पावतीवर छापलेली असते.

ज्याला ही सगळी उत्तरं पावतीशिवाय येतात, अशा बापासाठी मात्र माझ्याकडे सल्ला नाही. तो मुलाच्या भेटीच्या दिवशी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत वेळेआधी येऊन बसतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन, चाक निखळलेल्या खेळण्यातल्या गाडीशेजारी. पिशवीत नवे बूट, मागच्या भेटीच्या मापाने घेतलेले. आज मुलाला ताप आहे, असा निरोप येतो. मग भेटीच्या आदेशाची अंमलबजावणी करा म्हणून अर्ज, अर्जावर समोरच्यांचं म्हणणं, म्हणण्यावर तारीख. विधी आयोगाने २०१५ साली २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. तो अहवाल वाचा म्हणावं, वेळ बरा जातो. बूट तोवर आणखी आखूड होतात.

ते जाऊ द्या, त्याचं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही. तुमच्यासाठी शेवटची सूचना अशी की कलम ६ संपलं की पुस्तक मिटा, १३ पर्यंत जाऊ नका. तिथे मुलाचं हित सर्वोच्च म्हटलंय. मुलाच्या हिताचं नाही असं कोर्टाला वाटलं, तर तुमचा तो पहिला नंबरही कामी येत नाही. आणि समोरच्या वकीलबाईंनी ते कलम मोठ्याने वाचून दाखवलंच, तर तब्येतीचं कारण सांगून पुढची तारीख मागा.