टायर डिझाइनमध्ये जायचंय? सॉफ्टवेअर नंतर, आधी कापलेला टायर बघा

टायर कंपनीत डिझाइनला लागायचं तर आधी एफईए (फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, म्हणजे भागावरचे ताण कॉम्प्युटरवर काढायची पद्धत) शिकायचं, असं मेकॅनिकलची बहुतेक मुलं धरून चालतात. माझं मत याच्या अगदी उलट आहे. पहिली दोन वर्षं टेस्ट लॅब आणि प्लांटमध्ये काढा. रबराचे गुणधर्म तापमान, ताण आणि वेगाप्रमाणे बदलतात. टायर कुठे तापतो आणि कुठे फाटतो हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला स्क्रीनवरचं चुकीचं उत्तरही बरोबरच वाटतं.

195/65 R15 91H हा कारचा नेहमीचा साइज घ्या. 195 मिमी रुंदी, टायरच्या बाजूची उंची तिच्या 65 टक्के, 15 इंची रिम. म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे 634 मिमी. 91 म्हणजे 615 किलो भार, H म्हणजे ताशी 210 किमी. एवढं तोंडपाठ हवंच.

आता त्याचा कापलेला सेक्शन हातात घ्या. आत हवा धरणारा ब्युटाइल रबराचा इनर लायनर, त्यावर बीडच्या (रिमवर बसणाऱ्या कडेच्या) तारांभोवती वळवलेला पॉलिएस्टर दोऱ्यांचा थर म्हणजे बॉडी प्लाय, मग स्टीलच्या तारांचे दोन बेल्ट, नायलॉनचा कॅप प्लाय आणि वर रस्त्याला टेकणारा ट्रेड. नजर बेल्टच्या कडेवर ठेवा. तारेवर पितळेचा मुलामा असतो म्हणून रबर तिला धरतं, पण कापलेल्या टोकाला तो मुलामा नसतो. तिथे बारीक भेग सुरू होते. हवा कमी आणि भार जास्त असला की दोन बेल्टमधलं रबर जास्त पिळवटलं जातं, तापतं, भेग वाढत जाते आणि शेवटी बेल्ट सुटतो. दोन बेल्टच्या कडांमध्ये रबराची जाड पट्टी घालतात ती यासाठीच.

टेस्टिंग म्हणजे मशीन चालवणं, हा गैरसमज तर मनापासून खटकतो. रोलिंग रेझिस्टन्सच्या (टायर फिरताना होणाऱ्या विरोधाच्या) आयएसओ 28580 चाचणीत या टायरवर 615 च्या 80 टक्के, म्हणजे 492 किलो भार येतो. ताशी 80 किमीने अर्धा तास फिरवून टायर स्थिर तापमानाला आणायचा, मगच रीडिंग. गुणांक टनाला 9 किलो (म्हणजे एक टन भाराला 9 किलोइतका विरोध) असेल, तर मोजायचं बल जेमतेम 43 न्यूटन, आणि भार 4,800 न्यूटनच्या पुढे! भाराची दिशा 0.1 अंशाने जरी कलली तरी 8 न्यूटन आपोआप घुसतात. जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणून टायर ज्यावर फिरतो तो ड्रम दोन्ही दिशांनी फिरवून पडताळा घेतात. हे न समजता दोन कंपाउंडची (रबराच्या मिश्रणांची) तुलना केली, तर निष्कर्ष मशीनचा निघतो, टायरचा नाही.

कंपाउंडच्या लोकांशी गट्टी जमवा. 60 अंश सेल्सिअसचा टॅन डेल्टा (रबर हलताना किती ऊर्जा उष्णतेत जाते याचं माप) कमी असेल तर इंधन वाचतं, 0 अंशाजवळचा जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर पकड मिळते. दोन्ही साधायला सिलिका वापरतात, पण मिक्सिंगचं तापमान कमी पडलं की सिलिकाला रबराशी जोडणाऱ्या सायलेनची प्रक्रिया अर्धवट राहते आणि फार वाढलं की मिक्सरमध्येच रबर वेळेआधी घट्ट व्हायला लागतं. डिझाइन कितीही चांगलं असो, ती बॅच गेलीच.

रबराचं शिक्षण हवं असेल तर आयआयटी खरगपूरचं रबर टेक्नॉलॉजी सेंटर आहे, ठाण्यात इर्म्रा ही रबर संशोधन संस्था आहे. भारतातला रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाजाचा नियम एआयएस 142 मध्ये आहे, तो मुळातून वाचा.

आणि रिपोर्टमध्ये पहिल्या दिवसापासून थंड टायरची हवा, रिमची रुंदी, खोलीचं तापमान आणि टायरवरचा उत्पादनाचा आठवडा लिहाच. यातलं एक जरी राहिलं, तरी सहा महिन्यांनी त्या रीडिंगची तुलना कशाशीच करता येत नाही.