पुनर्वसूचं वाहन उंदीर

शुक्रवारी रात्री साडेअकराला बायकोने दिवा घालवला आणि अंधारात विचारलं, "किती झालं?"

"तीन पॉइंट आठ."

"वाढेल का?"

"पहाटे कळेल."

ऐकणाऱ्याला वाटावं, नवराबायको गृहकर्जाच्या व्याजाची काळजी करतायत. प्रत्यक्षात तो अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड आणि द डॅलेस या दोन गावांच्या हवेच्या दाबातला फरक होता, मिलिबारमध्ये. उन्हाळ्यात आमच्या घरातलं शनिवारचं सगळं या आकड्यावर ठरतं. इडलीचं भिजवायचं की नाही, कुणाच्या घरच्या सत्यनारायणाला "नक्की येतो" म्हणायचं की "बघतो, जमवतो" म्हणायचं, तेसुद्धा.

याचं मूळ म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर मी विंडसर्फिंग शिकायला गेलो. त्या वयात लोक गुडघे जपतात. मी पोर्टलंडच्या पश्चिमेला राहतो. तिथून सव्वाशे किलोमीटरवर कोलंबिया नदीच्या काठी हूड रिव्हर नावाचं गाव आहे. नासपतीच्या बागांचं शांत गाव होतं ते. १९८० नंतर तिथे फळीवर शीड लावून नदीत उतरणारी माणसं येऊ लागली, पुढे पतंगवालेही आले. हे पतंगवाले म्हणजे काइटबोर्डिंगवाले, २०-२५ मीटर दोऱ्यांच्या टोकाला स्वतःला बांधून घेणारे. संक्रांतीला आपण पतंग उडवतो, इथे पतंग माणूस उडवतो.

वारा तिथेच का, याचं उत्तर मला सातवीच्या भूगोलात मिळालं होतं. खारे वारे आणि मतलई वारे. आकृतीत मी बाण उलटे काढले म्हणून बाईंनी अख्खा तास उभं केलं होतं, तेव्हा धडा चांगला लक्षात आहे. इथे कॅस्केड पर्वताची रांग उत्तर-दक्षिण भिंतीसारखी उभी. त्या भिंतीला थेट समुद्रसपाटीच्या जवळ पडलेली फट एकच, कोलंबिया गॉर्ज. लांबी सुमारे १३० किलोमीटर, कडे काही ठिकाणी १,२०० मीटर उंच. उन्हाळ्यात पश्चिमेला पॅसिफिकवरची गार, जड हवा साचते. पूर्वेचं कोरडं पठार तव्यासारखं तापतं, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि दाब पडतो. मग गार हवेला एकदम पूर्वेला जायची घाई होते आणि दार तर एकच. स्वारगेटला एसटी लागल्यावर दारात जे होतं, ते इथे रोज दुपारी होतं. दाबातला फरक हजार मिलिबारमागे तीन-चारचा, पण एवढ्यावर नदी पांढरी होते.

नदी वाहते पश्चिमेला, वारा येतो पश्चिमेकडून. दोघं समोरासमोर भिडतात म्हणून लाटा चढतात. शिकाऊ माणसाचा फायदा असा की वारा पूर्वेला नेतो, प्रवाह परत आणतो. फक्त वारा पडला की प्रवाह एकटाच उरतो. त्याची गोष्ट पुढे येईलच.

आता शिडाचं. वारा जास्त तितकं शीड लहान, हे साधं वाटतं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ मैलांचे २१ झाले की जोर जवळपास दुप्पट. मोठं शीड लावलं असेल तर मग तुम्ही त्याला धरलेलं नसतं, त्याने तुम्हाला धरलेलं असतं. १८०५ मध्ये ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफोर्टने वाऱ्याची मोजपट्टी बसवली ती मुळात युद्धनौकेने किती शिडं उभारावीत यावरून. म्हणजे हा घोळ दोनशे वर्षं चालू आहे, माझ्यापासून सुरू झालेला नाही. माझ्याकडे तीन शिडं आहेत, ५.५, ४.७ आणि ४.२ चौरस मीटरची. काठावर कुणी नाव विचारत नाही, "आज काय लावलंयस?" एवढंच विचारतात. मला "पाच-पाच" म्हणायला आवडतं. भारदस्त वाटतं. त्या आवडीची किंमत माझे दोन्ही खांदे देत असतात.

अंदाज बघायची माझी तऱ्हा सांगतो. पहिलं, जगाचं हवामान सांगणारं मोठं मॉडेल. त्याची चौकट १३ किलोमीटरची, म्हणजे तेवढ्या भागाला एकच आकडा, आणि आमची नदी जेमतेम दीड किलोमीटर रुंद. त्याला ही दरी दिसतच नाही, उंटावरून शेळ्या हाकणं. दुसऱ्याची चौकट ३ किलोमीटरची आणि अंदाज दर तासाला ताजा. दर तासाला ताजा अंदाज ही संसारी माणसाला परवडणारी गोष्ट नाही. रात्री दोनला पाणी प्यायला उठावं आणि बघावं तर रविवार गेलेला. तिसरी म्हणजे पहाटे उठून दाबाचे फरक, ढगांची किनार, उपग्रहाचं चित्र बघून साध्या भाषेत चार ओळी लिहिणारी स्थानिक माणसं. ती बहुतेक वेळा बरोबर असतात, हीच अडचण. मी त्या चार ओळी मुलीच्या बापाने पत्रिका वाचावी तशा वाचतो. छत्तीस गुण जुळवून होईपर्यंत मंगळ दिसतच नाही.

चौथा अंदाज साताऱ्याहून येतो. शुक्रवारी रात्री आईचा फोन होता, तिच्याकडे शनिवारची सकाळ. "उद्या जाणारेस का रे त्या फळीवर?"

"वारा असला तर."

"पंचांगात पुनर्वसूचं वाहन उंदीर दिलंय."

"आई, ते पावसाचं. आणि ते सातारचं."

"नक्षत्र एकच असतं, तुझ्याकडे काय वेगळं उगवतं? उंदीर आहे म्हणजे येईल, पण बघत बसलास तर येणार नाही." मग तिने नेहमीचं म्हटलं. "एवढा वारा हवा होता तर चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन उभं राहायचं. तिथे पवनचक्क्या आहेत, वीज तरी होते."

पुण्याला कॉलेजात असताना मी दोन वर्षं शिमला ऑफिसच्या चौकात बसची वाट बघत भिजलो. वेधशाळा समोर होती आणि तिचा अंदाज पेपरात रोज छापून येत होता. मी क्रिकेटचं पान वाचून पेपर घडी करत होतो. त्या पापाचं प्रायश्चित्त आता चालू आहे.

शनिवारी पहाटे साडेपाचला चार ओळी आल्या. सकाळी पश्चिमेला, स्टीव्हनसनच्या बाजूला ताशी १८ ते २२ मैल. ढग विरले की वारा पूर्वेला सरकणार. दुपारी पूर्वेच्या रूफस गावाकडे ३० च्या वर. हूड रिव्हरला दिवसभर भोकं, संध्याकाळी भरून येईल. भोक म्हणजे वारा अचानक नाहीसा होण्याची जागा, हे इथलं व्याकरण.

इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आम्ही इडल्या गुंडाळून निघालो पावणेनऊला. वाटेत ब्रिज ऑफ द गॉड्सवर टोल भरावा लागतो. देवांचा पूल आहे, पण देवांची ओळख सांगून सुटता येत नाही. स्टीव्हनसनला सव्वादहाला पोचलो तर नदी तेल ओतल्यासारखी सपाट. एकजण ओल्या केसांनी, तृप्त चेहऱ्याने गाडीवर फळी बांधत होता. "नऊपर्यंत काय मस्त होता!" तो म्हणाला. हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा स्वतःच्या लग्नात बायकोचं नावही घेतलं नसेल.

पोराने मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, आपण नऊला का नाही आलो?" नऊ वर्षांच्या मुलांना असले प्रश्न सुचतात. मी त्याला इडली दिली.

वारा पूर्वेला गेला होता, आम्ही त्याच्या मागे. वाटेत व्हिएंटो नावाची जागा लागते. स्पॅनिशमध्ये व्हिएंटो म्हणजे वारा, आणि तिथे वाराही असतो. पण नाव पडलंय रेल्वेच्या धंद्यातल्या व्हिलार्ड, एंडिकॉट आणि टॉलमन या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून. हे कळल्यापासून मला त्या जागेबद्दल विशेष आपुलकी आहे. अंदाज न बघता केलेलं आणि तरी बरोबर आलेलं असं या दरीत ते एकच काम असावं.

हूड रिव्हरला खरोखर भोकं होती. दहा-बाराजण नदीच्या मध्यावर फळीवर बसून विचार करत होते. म्हणून आणखी ७५ किलोमीटर पुढे रूफसला. तिथे हिरवळ संपते, डोंगर पिवळे पडतात, टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत असतात. आईला फोटो पाठवायचा मोह आवरला. गाडीचं दार उघडलं ते वाऱ्याने माझ्या हातातून काढून घेतलं. इडल्यांवरचा फॉइलचा कागद वॉशिंग्टन राज्याकडे निघाला. पोरगा तो पकडायला गेला आणि त्याला पकडायला बायको गेली. वारा मोजायच्या यंत्रावर ३४ दिसत होते, झोत ४१ चे. काठावरची माणसं ३.२ आणि ३.७ ची शिडं लावत होती, रुमालाएवढी.

माझ्याकडचं सगळ्यात लहान ४.२.

"बघ हं," बायको म्हणाली. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर "बघ हं"चा अर्थ "नको" असा असतो, हे मला कळतं. पण सव्वाशे आणि वर ७५ किलोमीटर आलेल्या माणसाला ते ऐकू येत नाही. कानात वारं शिरलेल्या वासरासारखा मी पाण्यात धावलो. फळीवर चढलो, शीड उभं केलं, आणि शीड पुढे गेलं. मी त्याला बांधलेला होतो म्हणून मीही गेलो, हवेतून, फळीच्या नाकावरून, डोकं खाली. वर आलो, पुन्हा उभा राहिलो, पुन्हा गेलो. अर्ध्या तासाने रांगत काठावर आलो तेव्हा पोराने घोषणा केली, "बाबा, अकरा." त्याला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

साडेचारला परत हूड रिव्हर. आता पाण्यावर बारीक पांढऱ्या रेषा होत्या. रूफसचा अपमान धुऊन काढायला मी ५.५ लावलं, "पाच-पाच" असं दोघांना न विचारता सांगितलं, आणि सुसाट नदीच्या मध्यावर पोचलो. तिथे भोक होतं. वारा असा थांबला की कुणीतरी पंख्याचं बटण बंद केलं असावं. मग ठरल्याप्रमाणे प्रवाह एकटा उरला आणि मला सावकाश पॅसिफिककडे नेऊ लागला. त्याच वेळी समोरून गव्हाने भरलेले बार्ज ढकलत टगबोट आली. नदीत मोठ्या जहाजाचा मान पहिला, हा नियम आहे. तो नियम नसता तरी मी वाद घातला नसता. तिने भोंगा दिला. मी शीड फळीवर आडवं टाकलं, पोटावर झोपून दोन्ही हातांनी पाणी मारलं, आणि निघालो होतो तिथून चांगला किलोमीटरभर खाली काठाला लागलो. फळी डोक्यावर घेऊन चालत आलो तेव्हा सहा वाजले होते.

इथल्या जुन्याजाणत्यांचं म्हणणं आहे की वारा हवा असेल तर शीड सोडायला घ्यावं. मी या असल्या गोष्टी मानत नाही. मी खरोखर दमलो होतो म्हणून सोडलं. तिन्ही शिडं गुंडाळली, डोलकाठी दोन तुकड्यांत काढली, फळी गाडीच्या टपावर आवळून बांधली, ओला सूट उतरवून लेंगा चढवला. पोरगा आइस्क्रीम खात होता. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्यात रविवारचे सकाळचे सात.

"आला का उंदीर?"

"नाही गं आई. दिवसभर हिंडलो. जिथे जावं तिथून नुकताच गेलेला."

"अरे, मग बघत बसला असशील."

तिचं पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण फोनमध्ये घूं असा आवाज भरला. मी म्हटलं, आई, तुझ्याकडे वारा सुटलाय का? ती म्हणाली, माझ्याकडे पान हलत नाहीये. मी वळून बघितलं. हिरवळीवरच्या झेंड्याने काठी सोडून सरळ रेषा धरली होती. पलीकडच्या काठापासून आमच्यापर्यंत नदी पांढरी झाली होती आणि ऊन मावळायला अजून दोन तास होते. पार्किंगमधली माणसं धावत होती.

मी टपावरचे पट्टे सोडायला लागलो. बायको उठली नाही, हसलीसुद्धा नाही. तिने आइस्क्रीमचा कागद उडू नये म्हणून चपलेखाली दाबला, सुटलेले केस रबरात अडकवले, पाण्याकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाली, "चार-सात."

मी पाच-पाच लावलं.