अँटी-टीपीओ वाढलं, मग?

घसा दोन-दोन महिने धरलेला असतो. कोणीतरी सांगतं, "थायरॉईड असेल." की माणूस आमच्या लॅबमध्ये हजर, सगळ्यात मोठं पॅकेज घेऊन. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट जातो: टीएसएच (थायरॉईडचं काम नीट चाललंय का ते दाखवणारं हार्मोन) २.६, एकदम ठीक. खाली अँटी-टीपीओ ४१२, ठळक अक्षरात, बाजूला वर जाणारा बाण. झालं! रात्री फोन, "ताई, कॅन्सर तर नाही ना जी?"

नाही हो. मी नागपुरात धंतोलीत रक्त काढते, डॉक्टर नाही. पण इतकं नक्की सांगते की घशाची आतली त्वचा वेगळी आणि श्वासनलिकेच्या पुढ्यात बसलेली थायरॉईड ग्रंथी वेगळी. टीपीओ हे त्या ग्रंथीत हार्मोन बनवायला लागणारं एन्झाइम. आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटली की या अँटी-टीपीओ अँटीबॉडी रक्तात दिसतात. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, तो हाच. बायकांत जास्त, आणि सहसा दुखत नाही. गळ्याला पुढून हात लावला तरी कळ येते, ती कानापर्यंत जाते, ताप आहे, तर ती थायरॉईडची वेगळी सूज असू शकते. तेव्हा मात्र डॉक्टरांकडे जाच.

नुसती अँटीबॉडी असून टीएसएच नॉर्मल असलेली माणसं भरपूर. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमला २० वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा अशा बायकांपैकी वर्षाला १०० मागे साधारण दोघींचंच थायरॉईड मंदावलं. म्हणून बहुतेकांना गोळी नाही, वर्षातून एकदा टीएसएच. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर मात्र डॉक्टरांना हे आधीच सांगा, तिथे लक्ष जास्त ठेवावं लागतं. आणि केसांसाठी बायोटिन खात असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद. थायरॉईडचे आकडे भलतेच येतात.

मला राग येतो तो आकडा उतरवायच्या धंद्याचा. पोळी बंद करा, हे चूर्ण घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. अहो, आकडा ४१२ चा ३०० झाला म्हणून ग्रंथी सुधारली असं होत नाही! इकडे एक दादा टीपीओवर अर्धा तास माझं डोकं खातात, गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. आवाज महिनाभर बसलाय. त्यांना कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवायला मला कुठला रिपोर्ट लागत नाही. बाकीच्यांना काऊंटरवरच सांगते, पुन्हा टीपीओ नको, टीएसएच तेवढं करा. मालकांनी ही पोस्ट वाचली तर बघू.