मर्दानी खेळांवर 'कायमची बंदी'? त्या संदेशातले एकेक म्हणणे तपासू

शिवजयंती जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते: "शस्त्र कायद्याने शिवकालीन युद्धकलेवर कायमची बंदी आली आहे, लाठीसुद्धा चालणार नाही. तलवारीची धार काढून टाका, म्हणजे कोणी हात लावणार नाही. बिल असले तर प्रश्नच मिटला. कार्यक्रम किल्ल्यावर घ्या, तिथे कोणाची परवानगी लागत नाही." यातला अर्धा मजकूर उगाच घाबरवतो आणि उरलेला अर्धा पोरांना गुन्ह्यात अडकवू शकतो. म्हणून तो पुढे पाठवण्याआधी हे वाचावे.

"कायमची बंदी" हे साफ खोटे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खेळावर किंवा लढाईच्या प्रात्यक्षिकावर बंदी घालणारे कलमच नाही. मिरवणुकीत खेळ अडतो तो बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) मुळे. सण, निवडणूक किंवा तणाव असला की जिल्हादंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी आणि ठरावीक हद्दीसाठी शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई करतात. हा आदेश मुदतीचा असतो. तो हाती आला की तीन गोष्टी वाचायच्या: तारखा, हद्द आणि कोणाला वगळले आहे. वर्तमानपत्रातल्या दोन ओळींवर विसंबू नये, मूळ आदेशच पाहावा.

लाठीच्या बाबतीत संदेशाने दोन कायद्यांची गल्लत केली आहे. शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून लाठी आणि साधी हातकाठी नाव घेऊन वगळली आहे, त्यामुळे एरवी मैदानावर लाठी फिरवायला परवाना लागत नाही. कलम ३७(१) मध्ये मात्र काठी आणि लाठी हे शब्द स्पष्ट आहेत. मनाई आदेश असताना सराव आटोपून लाठी खांद्यावर टाकून घरी निघालेला पोरगाही त्यात सापडतो, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत जाऊ शकते. अशा दिवसांत लाठ्या आखाड्यातच कुलपात ठेवाव्यात. लाठीच्या टोकाला लोखंडी शेंबी (टोपी) ठोकू नये. शेंबी बसली की ती साधी काठी होती असे सांगणे अवघड जाते, आणि खेळताना तीच समोरच्याच्या दातावर बसते.

लाठी सातपुड्यातल्या भरीव मानवेलीची, सव्वा इंच जाडीची, कानापर्यंत उंचीची घ्यावी. ओला बांबू उन्हात वाळवला की पेराजवळ उभा तडकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे सावलीतच वाळवून जवसाचे तेल पाजावे. सरावाआधी कापसाचा बोळा काठीवरून वरपासून खालपर्यंत फिरवावा. जिथे तंतू अडकतो तिथे कूस उठलेली असते. ती काठी त्या दिवशी बाजूला ठेवायची.

आता सगळ्यात घातक वाक्य: "तलवारीची धार काढून टाका, म्हणजे कोणी हात लावणार नाही." कायद्याने सूट दिली आहे ती फक्त खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि ज्याचे खरे शस्त्र करता येणार नाही अशा वस्तूला. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला ग्राइंडरवर थोड्या वेळात धार चढते, त्यामुळे बोथट पोलादी तलवार या सुटीत बसेल असे धरून चालू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांत तलवार, खंजीर, भाला यांची नावे आहेतच. शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारेही त्यात येतात. घरकाम, शेती आणि कारखान्यासाठीची तेवढी वगळली आहेत. म्हणून मापाइतकेच वस्तू कशासाठी घडवली हेही पाहिले जाते. विळा शेतीचा आहे, तलवार नाही.

मग घरात तलवार असली की तुरुंग ठरलेलाच? तसेही नाही. बंदुकीला शस्त्र कायद्याच्या कलम ३ खाली सगळीकडे परवाना लागतो. धारदार शस्त्रांना कलम ४ लागू होते ते केंद्र सरकारची अधिसूचना ज्या भागाला आहे तिथेच. आपल्या तालुक्यापुरते उत्तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत लेखी अर्ज करून घ्यावे आणि ते पत्र आखाड्याच्या फाइलला लावावे.

धार काढल्याने खेळही पुरेसा सुरक्षित होत नाही. लुटूपुटूच्या लढाईत मोठी इजा होते ती टोकाने, आणि रोजची दुखापत होते ती बोटांना. टोक एक रुपयाच्या नाण्याएवढे गोल हवे. कड किमान दोन मिलिमीटर जाड आणि कानशीने गोलावलेली हवी. दोघांच्या झुंजीत पोलाद वापरूच नये. बाभळीची, उभ्या रेषेच्या लाकडाची तलवार पुरते. ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायची तर दर सरावानंतर तिच्यावरचे खाचे घासावेत, नाहीतर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

जुन्या पद्धतीच्या तलवारीत एक धोका दडलेला असतो. पाते मुठीत लाखेने बसवलेले असते. खानदेशी उन्हात बंद गाडीत पडलेली तलवार तापली की लाख मऊ होते, आणि पहिल्याच जोराच्या फिरकीला पाते मुठीत फिरते किंवा सुटून उडते. मूठ धरून पाते हलवून पाहावे. जरासे खुळखुळले तरी ती तलवार मांडणीपुरती ठेवावी. खेळायच्या तलवारीला मुठीतून आडवा रिव्हेट हवाच.

दांडपट्ट्याचे अंतर मोजून ठरवावे. पाते चार फूट, हात अडीच फूट आणि पुढे टाकलेले पाऊल तीन फूट, म्हणजे साडेनऊ फूट झाले. प्रेक्षकांना अडवणारी दोरी किमान पंधरा फुटांवर बांधावी. मिरवणुकीच्या गल्लीत एवढी जागा मिळत नाही, म्हणून तिथे दांडपट्टा नकोच.

बिलाविषयी फार लिहायला नको. बिल म्हणजे खरेदीचा पुरावा, परवाना नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका गाडीतून ८९ तलवारी आणि एक खंजीर जप्त झाला होता. त्या रस्त्याने तलवारींचे गाठोडे घेऊन निघालेल्या आखाड्याची गाडी थांबवली जाणार हे धरूनच चालावे. परवानगीचे पत्र, शस्त्रांची यादी आणि जबाबदार माणूस गाडीत हवा, शस्त्रे कुलूपबंद पेटीत हवीत.

किल्ल्याविषयीचा सल्ला तर उलटाच आहे. केंद्र संरक्षित स्मारकात सभा, समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम घ्यायला प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांतील नियम ७ नुसार लेखी परवानगी लागते. रूढ धार्मिक प्रथेला तेवढी सूट आहे. राज्य संरक्षित स्मारकासाठी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे जावे लागते. धुळे जिल्ह्यातला थाळनेरचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांशी झुंजला, किल्लेदार तुळशीरामला फाशी झाली. ती लढाई उभी करायची इच्छा योग्यच आहे, पण तिथली ढासळती तटबंदी हजार पायांचा भार सोसणारी नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात दोरीने तट आखला तरी लढाई समजते. ठासणीची बंदूक आणि खरी दारू तर नकोच: तिथे शस्त्र कायदा आणि स्फोटकांचा कायदा दोन्ही लागतात. आवाजासाठी हलगी पुरेशी आहे.

संदेशामागची चीड मात्र खरी आहे. मनाई आदेश अनेकदा नेमका शिवजयंती किंवा गणेशोत्सवाच्या आठवड्यात, चार-दोन दिवस आधी निघतो आणि दोन महिन्यांचा सराव वाया जातो. एका ठाण्यात लाकडी तलवारीला हो म्हणतात, शेजारच्या ठाण्यात काठीलाही नाही. मोठी पथके ओळखीने वाट काढतात, खेड्यातला दहा पोरांचा आखाडा बंद पडतो. खेलो इंडियात गतका, कलरीपयट्टू, थांग-ता, मल्लखांब आले; आपला मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता, त्यामुळे दाखवायला सर्वमान्य नियमपुस्तिकाही हाताशी नाही.

म्हणून अर्ज महिनाभर आधी द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात तारीख, वेळ, जागेचा नकाशा, खेळाडूंची नावे व वये, प्रत्येक साधनाचा प्रकार, लांबी, साहित्य, नग आणि फोटो हवा. पोलीस ठाण्याच्या होकाराने जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश रद्द होत नाही, म्हणून एक प्रत त्यांनाही द्यावी. सगळ्या आखाड्यांनी मिळून एकच मागणी लावून धरावी: मनाई आदेशातच एक ओळ असावी, की पूर्वपरवानगी घेतलेल्या, बंदिस्त मैदानावरच्या लाकडी साधनांच्या प्रात्यक्षिकास हा आदेश लागू नाही.