यंत्राकडून सन्मानाने कसे हरावे

आपण बुद्धिबळातील जगज्जेते असाल, किंवा निदान आपल्या सोसायटीत तशी समजूत प्रचलित असेल, आणि एखाद्या कंपनीने आपल्या यंत्राशी सामना खेळण्याचे निमंत्रण आपल्याला धाडले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. डावाची तयारी सावकाश करता येईल. आधी अभिमानाची व्यवस्था लावावी, कारण डाव हातचा जाणार हे आता जवळजवळ ठरलेले असते आणि अभिमान मात्र योग्य पूर्वतयारीने पुष्कळ काळ टिकवता येतो.

पहिली पायरी प्रतिज्ञेची. प्रतिज्ञा जाहीरपणे करावी, पण तिला मुदत घालायला विसरू नये. स्कॉटलंडचे अजिंक्यपद मिळवलेल्या डेव्हिड लेव्ही यांनी १९६८ साली पैज लावली, की पुढच्या दहा वर्षांत एकही संगणक आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही. १९७८ साली टोरांटो येथे त्यांनी त्या काळच्या उत्तम प्रोग्रामला साडेतीन विरुद्ध दीड अशा गुणांनी हरवले आणि पैजेचे पैसे खिशात घातले. पुढे १९८९ साली ‘डीप थॉट’ नावाच्या यंत्राने त्याच लेव्हींचे चारही डाव जिंकले, परंतु तोवर मुदत उलटून अकरा वर्षे झाली होती, त्यामुळे प्रतिज्ञाभंगाचा दोष त्यांना लागला नाही. ‘कधीच नाही’ असे म्हणणाऱ्यांना ही सोय मिळत नाही.

एखादा सामना आधी जिंकून ठेवता आला तर फारच उत्तम. जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आयबीएम या संगणक कंपनीच्या ‘डीप ब्लू’ यंत्राला चार विरुद्ध दोन असे हरवले. त्यातला पहिलाच डाव ते हरले होते आणि विद्यमान जगज्जेत्याने रीतसर वेळेच्या डावात यंत्राकडून हार पत्करण्याची ती पहिलीच वेळ होती, पण अशा किरकोळ बाबींकडे विजेत्याने फार लक्ष देऊ नये. वर्षभराने तेच यंत्र सुधारून, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याच्या ताकदीनिशी न्यूयॉर्कला परत आले. विजेत्याला सात लाख डॉलर आणि पराभूताला चार लाख डॉलर असा करार होता. पराभूताचे चार लाख यंत्राच्या काही कामाचे नसतात, एवढी सूचना करारातच दडलेली होती. मानी माणसाने ती वाचू नये.

आता प्रत्यक्ष पटाकडे वळू. येथे सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की ज्या खेळाने आपल्याला जगज्जेते केले तो खेळ यंत्रासमोर मुळीच खेळू नये. आपण आक्रमक म्हणून ख्यातनाम असाल तर भित्रेपणाने खेळावे. १९९७ च्या तिसऱ्या डावात, पांढऱ्या मोहऱ्या हाती असताना, कास्पारोव्ह यांनी वजिरापुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवून सुरुवात केली. अशी खेळी नवशिक्या मुलाने केली असती तर कोणत्याही प्रशिक्षकाने त्याला दटावले असते. यंत्राला पाठ करवलेल्या सुरुवातीच्या खेळ्यांचे पाठांतर निरुपयोगी ठरावे, ही त्यामागची कल्पना होती. डाव बरोबरीत सुटला. यंत्र गोंधळले होते की नाही हे सांगता येत नाही, प्रेक्षक मात्र निश्चित गोंधळले होते.

यापुढचा मुद्दा नाजूक असून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. यंत्राचा आदर किती करावा? सर्वसाधारण शिफारस अशी, की प्रतिस्पर्ध्याला तुच्छ लेखावे आणि त्याच वेळी त्याला सर्वज्ञही मानावे. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखेनैव नांदतात. त्या सामन्याच्या पहिल्या डावात, स्वतःची बाजू हरत आलेली असताना, यंत्राने चव्वेचाळिसाव्या खेळीला हत्ती अगदी निरर्थक जागी नेऊन ठेवला. प्रोग्राममधल्या एका दोषामुळे यंत्राने कुठलीतरी एक नियमबद्ध खेळी उचलून दिली होती, असा खुलासा आयबीएमच्या चमूतील मरे कॅम्पबेल यांनी पुढे केला. कास्पारोव्ह यांच्या गोटात मात्र त्या खेळीमागे पुष्कळ पुढचे पाहणारी दृष्टी असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. डाव कास्पारोव्ह जिंकले आणि धास्ती बरोबर घेऊन हॉटेलवर गेले.

दुसऱ्या दिवशी त्या धास्तीची किंमत वसूल झाली. कास्पारोव्ह यांनी पुढे केलेल्या प्याद्यांच्या मोहात न पडता यंत्राने उंट शांतपणे मोक्याच्या घरावर आणला आणि काळ्याचा श्वास कोंडला. इतके खोल पाहणाऱ्या यंत्राने शेवटी आपल्यासाठी पळवाट ठेवलीच नसणार, अशा आदरयुक्त भावनेने कास्पारोव्ह यांनी पंचेचाळिसाव्या खेळीनंतर डाव सोडला. वजिराने शहामागून शह देत राहून बरोबरी साधण्याची वाट तेथे उघडी होती, हे विश्लेषकांनी रातोरात शोधून काढले आणि जगज्जेत्याला ते दुसऱ्या दिवशी त्याच्याच सहकाऱ्यांकडून कळले. तेव्हा वाचकहो, लक्षात ठेवावे, की यंत्राच्या बुद्धीवर पूर्ण श्रद्धा असेल तर डाव हरण्यासाठी वाईट खेळण्याचीही आवश्यकता राहत नाही. माणसाबद्दल मात्र असा आदर चुकूनही बाळगू नये; आपले जुने प्रतिस्पर्धी अनातोली कार्पोव्ह यांच्यासमोर कास्पारोव्ह यांनी बरोबरीचा डाव केवळ आदरापोटी सोडून दिला असता, अशी कल्पना करणेही कठीण आहे.

आदराचा असा शेवट झाल्यावर संशयाकडे वळावे. यंत्र चांगले खेळले तर आत माणूस लपला आहे असे सुचवावे, वाईट खेळले तर ते शेवटी निव्वळ यंत्रच आहे असे म्हणावे. कास्पारोव्ह यांनी पत्रकारांसमोर फुटबॉलपटू मॅराडोनाने १९८६ मध्ये हाताने केलेल्या गोलची, म्हणजे त्या ‘देवाच्या हाता’ची आठवण काढली आणि यंत्राच्या गणनेच्या छापील नोंदी मागितल्या. समोर बसून यंत्राच्या वतीने मोहरे हलवणाऱ्या तंत्रज्ञाकडे रोखून पाहणे हाही जुना मान्यवर उपाय आहे. तो बिचारा बुद्धिबळपटू नसतो, स्क्रीनवर दिसेल ती खेळी पटावर मांडतो, पण नजरेने घायाळ होऊ शकेल असे त्या खोलीत दुसरे कोणी उपलब्धही नसते.

सहाव्या डावात कास्पारोव्ह यांनी अशी बचावपद्धत निवडली जिच्यात घोड्याचा एक सुपरिचित बळी बसतो, आणि यंत्र असा बळी देण्याचे धाडस करणार नाही या भरवशावर सातवी खेळी केली. धाडसाचा प्रश्नच नव्हता. तो बळी यंत्राला आधीच पाठ करवलेला होता. डाव अवघ्या १९ खेळ्यांत संपला आणि सामना साडेतीन विरुद्ध अडीच असा आयबीएमच्या खात्यात गेला. कास्पारोव्ह यांनी परतीचा सामना मागितला, कंपनीने यंत्र निवृत्त केले. या बाबतीत कंपनीचे वर्तन आपल्या जगज्जेत्यांनी अभ्यासावे असे आहे, कारण जिंकल्याबरोबर खेळ कायमचा सोडण्याइतका संयम आजवर फार थोड्या माणसांना साधला आहे. वीस वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात कास्पारोव्ह यांनी आपल्या आरोपांची धार बरीच कमी केली. इतकी घाई करण्याचे कारण नव्हते.

सगळी खबरदारी घेऊनही कधी कधी उपाय चालत नाही. तेव्हाचे जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनी २००६ साली बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’ या प्रोग्रामशी सामना खेळताना चांगला करार करून घेतला होता. प्रोग्राम त्यांना सरावासाठी आधी मिळाला होता आणि यंत्र पाठांतरातून खेळत असेपर्यंत ते पाठांतर पाहण्याचीही मुभा होती. दुसऱ्या डावात त्यांनी चौतिसाव्या खेळीला वजीर हलवला, शांतपणे जागेवरून उठले, आणि यंत्राने एका खेळीत मात केली. येथे ना छुपा माणूस होता, ना छापील नोंदींचा प्रश्न. सामना त्यांनी दोन विरुद्ध चार असा गमावला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये इंग्लंडचे ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्स यांना ‘हायड्रा’ या यंत्राकडून सहा डावांत अर्धा गुण मिळाला होता, त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

यापुढे बड्या खेळाडूंना असली निमंत्रणे येणे बंद झाले, तेव्हा उरलेला सल्ला थेट आपल्यासाठी आहे. ‘डीप ब्लू’पेक्षा कितीतरी बलवान असा ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्राम आता आपल्या फोनमध्ये फुकट राहतो. त्याच्याशी स्वतः खेळण्याचा मूर्खपणा करू नये. त्याला आपल्या बाजूला घ्यावे आणि ग्रँडमास्टरांचे डाव पाहावेत. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे विश्वविजेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेन यांनी पंचावन्नाव्या खेळीला हत्ती चुकीच्या घरी नेला, तेव्हा समोर बसलेल्या डी. गुकेशला त्या चुकीचा अर्थ उमगायला काही क्षण लागले, पण कोणाची बाजू किती वरचढ आहे हे दाखवणारी स्क्रीनच्या कडेची पट्टी बघणाऱ्या घरोघरच्या तज्ज्ञांना ती ताबडतोब कळली. विश्वविजेतेपद इतक्या बालिश, एका खेळीच्या चुकीवर यापूर्वी कधी ठरले नव्हते, असा शेरा त्या वेळी समाजमाध्यमावर उमटला, आणि तो चक्क क्रामनिक यांचाच होता. बॉनची आठवण असलेल्या माणसालाही एवढा आत्मविश्वास परवडत असेल, तर आपल्याला संकोच कसला? पट्टी खाली घसरली, की ‘हे तर मलाही दिसले असते’ असे खुशाल म्हणावे, आणि पट्टी झाकून तीच स्थिती पुन्हा मांडायला कुणी सांगितलेच, तर त्याला बुद्धिबळातले काही कळत नाही असे ठणकावून विषय संपवावा.