तो लाव्हा नव्हे, डांबर आहे

हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरचा ज्वालामुखी फुटलाय, त्याचा लाव्हा काळ्या गोळ्यांच्या रूपात गोव्याच्या किनाऱ्याला लागतोय, ते गोळे चोळले की गुडघेदुखी जाते, शिवाय त्सुनामी येणार आणि सह्याद्रीही पेटणार! हा फॉरवर्ड फिरत फिरत म्हापशाला आमच्या आत्येकडे पोचला आणि तिने मोरजीहून पिशवीभर गोळे मागवले. नाहीतर असल्या गोष्टींना मी हिंग लावूनही विचारत नाही.

आधी गोळे. जहाजांतून समुद्रात गेलेलं तेल उन्हा-लाटांत घट्ट होतं आणि मे महिन्याच्या सुमारास वाऱ्याबरोबर आपल्या किनाऱ्याला लागतं. हे दरवर्षीचं आहे. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या गोळ्यांची रासायनिक तपासणी करून ते खनिज तेलाचेच असल्याचं दाखवलंय. तेही राहू द्या, एक गोळा बोटांत दाबून बघा: मऊ लागतो, चिकटतो, डिझेलसारखा वास येतो, आत वाळू रुतलेली दिसते. तिथला लाव्हा थिजला की होतो बेसाल्ट, म्हणजे काळा दगड. चोळला तर साल निघेल, पाण्यात टाकला तर बुडेल. साडेचार हजार किलोमीटर तरंगत कसला येतोय! आणि या डांबरात कातडीला चट्टे आणणारी, कर्करोगाशी संबंध असलेली रसायनं असतात. ते गुडघ्याला चोळायचं? लागलं असेल तर खोबरेल लावून पुसा, मग साबण.

त्सुनामीचं थोडक्यात. रेयुनियनच्या या ज्वालामुखीचा, पितों द ला फुर्नेझचा, लाव्हा पातळ, त्यातला वायू सहज सुटतो, म्हणून तो बहुतेकदा पेज उतू जावी तसा वाहतो. 2007 साली त्याच्या शिखरावरचं विवर तीनशे मीटरहून अधिक खचलं, लाव्हा समुद्रात पोचला. कळंगुटला काय झालं? ज्वालामुखीने त्सुनामी येऊ शकते, हे कबूल. 2018 मध्ये इंडोनेशियात अनाक क्राकाताऊची अख्खी बाजू समुद्रात कोसळली तेव्हा आलीच होती. पण खरा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राकडून येतो, व्हॉट्सॲपवरून नव्हे.

सह्याद्रीच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट ओतला गेला, तो रेयुनियनखालच्या याच तप्त स्थानातून, म्हणजे जिथे खोलातून वितळता खडक वर येत राहतो त्या जागेतून, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. गोव्यात तो ईशान्येला सुर्ल-चोर्ल्याकडे तेवढा दिसतो. बाकी बहुतेक गोव्याखालचा दगड कितीतरी जुना. त्यानंतर लक्षद्वीप-मालदीवची रांग मागे सोडत आपली भूमी हजारो किलोमीटर उत्तरेला सरकली आणि ते तप्त स्थान तिकडे दक्षिणेलाच राहिलं. मग घाट पेटणार कशाने?