पहिला लेखक कोण?
गणितातल्या संशोधनावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘शुद्ध गणिताची जर्नल्स मोजकेच पेपर छापतात, तेही उशिरा, म्हणजे हे क्षेत्र थंडावलंय’ हे काही पटलं नाही. मी सांगलीत बीएस्सीला गणित शिकवतो. आमच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघता बघता मिटतो, प्रमेयाचं तसं नसतं. ओळ न् ओळ तपासावी लागते. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी केप्लरच्या अनुमानाची (सारखे गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत, याबद्दलच्या) सिद्धता १९९८ मध्ये जाहीर केली, ती ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आली २००५ ला. परीक्षकांनी शेवटी ‘९९ टक्के खात्री’ म्हणत हात टेकले! उलट यीतांग झांग यांचा मूळसंख्यांमधल्या अंतरांवरचा पेपर त्याच जर्नलने २०१३ मध्ये काही आठवड्यांतच स्वीकारला. तेव्हा वेग हे मोजमापच नव्हे. आणि १९९१ साली सुरू झालेल्या ‘अर्काइव्ह’ (arXiv) या संशोधन-पेपरांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर पेपर आधीच फुकट वाचून झालेला असतो. छापील अंक म्हणजे लग्नानंतर हातात पडलेली पत्रिका.

सहलेखक वाढताहेत हा मुद्दा मात्र बरोबर. पण त्यातली गोम लेखात राहिली. गणितात लेखकांची नावं बहुतेक आडनावाच्या आद्याक्षरानुसार लावतात, कमी-जास्त कामानुसार नाही. आमच्या बढतीच्या तक्त्यात पहिल्या लेखकाला जास्त गुण! माझं आडनाव इंग्रजी ‘वाय’पासून सुरू होतं. मुलाखतीला एका साहेबांनी विचारलंच, “सर, तुम्ही प्रत्येक पेपरात शेवटीच कसे?”